‘लेखी कळवतो’ आणि त्यानंतर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा कमी आला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: स्कॉटिश पार्लमेंटच्या (म्हणजे ब्रिटनमधल्या स्कॉटलंडच्या विधिमंडळाच्या) समित्यांवरचा माझा लेख म्हणजे आरती आहे. साक्षी घेणं, लोकांची मतं मागवणं हा सगळा देखावा, शेवटी सदस्य व्हिप सांगेल तसंच मत देतात. आणि साक्षीला येतात तेही ठरलेल्या संस्थांचे ठरलेले चेहरे.

आधी कबुली. ‘समित्या सरकारला नमवतात’ असं मी लिहिलं होतं, ते जास्तच झालं. तुमच्या बाजूचं उदाहरण मीच देतो. फुटबॉल सामन्यांतल्या धर्मद्वेषी घोषणा आणि गाणी थांबवायला एसएनपी (स्कॉटिश नॅशनल पार्टी) सरकारने एक विधेयक आणलं. व्याख्या ढिसाळ आहेत, हातात असलेले कायदे पुरेसे आहेत, असं वकिलांपासून फुटबॉलच्या चाहत्यांपर्यंत अनेकांनी समितीला सांगितलं. तेव्हा १२९ पैकी ६९ जागा एसएनपीच्या होत्या. डिसेंबर २०११ मध्ये बाकी सगळे पक्ष विरोधात असताना विधेयक पास झालं. पुढे एसएनपीचं बहुमत गेलं आणि मार्च २०१८ मध्ये ६२ विरुद्ध ६० मतांनी तोच कायदा रद्द झाला. आक्षेप जवळपास तेच होते, डोकी बदलली होती. हा गुण तुमचा.

पण ‘देखावा’ या शब्दाशी माझं जमत नाही. तिथे वरिष्ठ सभागृहच नाही. आपल्याकडे जे काम विधान परिषदेकडून अपेक्षित असतं (अपेक्षित म्हणतोय, हसू नका), ते तिथे समित्यांवर पडतं. विधेयक आलं की पहिल्या टप्प्यात त्याचं मूळ तत्त्वच मान्य करायचं का, यावर समिती लोकांचं म्हणणं मागवते. कोणीही पाठवू शकतो. पार्लमेंटचे स्वतःचे संशोधक त्यावर टिपण काढतात, त्यावरून कोणाला समोर बोलवायचं ते ठरतं, आणि मग मंत्र्यांची पाळी येते.

यातला मला सर्वांत आवडणारा भाग फार क्षुल्लक वाटेल. बैठक सुरू होताना अध्यक्ष मोबाइल गप्प करायला सांगतात. साक्षीदाराने मायक्रोफोनला हात लावायचा नसतो, तो बाहेरून चालू होतो. एखादा सदस्य विचारतो, हा खर्चाचा आकडा आला कुठून? मंत्री शेजारच्या अधिकाऱ्याकडे बघतात, अधिकारी कागद चाळतात, आणि वाक्य येतं: ‘समितीला लेखी कळवतो.’ आपल्याकडचं ‘माहिती घेऊन सांगतो’ ऐकून कान किटलेल्या माणसाला इथे विषय संपला असंच वाटणार. मलाही वाटलं होतं. पण हे वाक्य जवळपास शब्दशः इतिवृत्तात छापलं जातं, समितीचे कारकून त्याचा पाठपुरावा करतात, आणि उत्तराचं पत्र पार्लमेंटच्या संकेतस्थळावर येतं. पत्र गुळमुळीत असलं तर पुढच्या बैठकीत तेच पत्र हातात घेऊन प्रश्न विचारता येतो.

कागदासाठी अडून बसण्याचा याहून मोठा किस्सा २०१७ चा. प्रत्येक मुलाच्या भल्याकडे लक्ष द्यायला एक ठरलेला माणूस, म्हणजे हेल्थ व्हिजिटर (लहान मुलांच्या घरी जाणारी परिचारिका) किंवा शिक्षक, नेमायचा अशी योजना २०१४ च्या कायद्यात होती. कुटुंबाची माहिती या लोकांनी एकमेकांना कधी द्यायची, याची कलमं ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१६ मध्ये बेकायदा ठरवली. सरकारने दुरुस्तीचं विधेयक आणलं. शिक्षण समितीपुढे शिक्षक, आरोग्यसेवक, वकील एकच विचारत होते: प्रत्यक्षात आम्ही काय करायचं, ते सांगणारी आचारसंहिता कुठे आहे? तिचा पक्का मसुदा तयार नव्हता. समितीने बहुमताने कळवलं की तो हातात आल्याशिवाय आम्ही विधेयकाच्या तत्त्वावर मत देणार नाही. मसुद्याचं घोडं काही पुढे सरकलं नाही आणि सप्टेंबर २०१९ मध्ये सरकारने योजनाच गुंडाळली. हरवलं कोर्टाने, हे मान्य. पण डागडुजी करून तेच पुन्हा रेटायचा बेत समितीपुढे अडला.

ठरलेल्या चेहऱ्यांचा तुमचा मुद्दा खरा आहे, आणि तो तिथलेही लोक मांडतात. मंत्री वगळले की उरतात शंभरेक सदस्य, त्यांच्यावर सगळ्या समित्यांचा भार. वेळ कमी, मग ओळखीच्या संस्थेला फोन. समितीचं अध्यक्षपद पक्षांच्या वाटणीतून मिळत आलं. ते निवडणुकीने द्यावं, असं २०१७ मध्ये पार्लमेंटच्या सुधारणांसाठी नेमलेल्या आयोगाने सुचवलं होतं, पण २०२१ ची निवडणूक झाली तरी अध्यक्ष जुन्याच पद्धतीने आले.

तरीही एक दार आहे, जे मी मूळ लेखात सोडून दिलं. याचिका. तिला सही एकच पुरते, अर्जदाराची. २०१४ मध्ये काही स्त्रिया अशीच याचिका घेऊन आल्या. लघवीवर ताबा राहत नाही म्हणून किंवा अंग बाहेर येतं म्हणून त्यांच्या शरीरात प्लास्टिकची जाळी बसवली होती, आणि त्यानंतर वेदना, चालणं मुश्कील. त्या कोणत्याही संस्थेच्या पगारी प्रतिनिधी नव्हत्या. त्यांनी समितीपुढे बसून स्वतःचं सांगितलं. जून २०१४ मध्ये आरोग्यमंत्र्यांनी शस्त्रक्रिया स्थगित करायला सांगितलं, तरी काही ठिकाणी त्या चालूच राहिल्या. २०१७ मध्ये सरकारने नेमलेल्या चौकशीचा अहवाल आला, तोही वादग्रस्त, त्यातून रुग्णांच्या प्रतिनिधी आधीच राजीनामा देऊन बाहेर पडलेल्या. पण याचिका मिटवलेली नव्हती, त्यामुळे विषय परत परत टेबलावर येत राहिला. २०१८ मध्ये वापर थांबवला गेला, आणि २०२२ मध्ये ज्यांनी खिशातून पैसे घालून जाळी काढून घेतली त्यांना ते परत देण्याचा कायदा झाला.

आठ वर्षं लागली. याला तुम्ही यश म्हणणार नाही कदाचित, आणि त्या स्त्रियांपैकी कोणी म्हणालं नाही तर मी वाद घालणार नाही.

मूळ लेखातलं ‘नमवतात’ काढून तिथे ‘कधी कधी अडवतात’ असं केलं आहे. फुटबॉलचं उदाहरणही तिथे घातलंय. आरतीबद्दल मात्र माझी तक्रार आहे, आरतीत एवढे आकडे नसतात.