हॅलिबटच्या गळाविषयी आपण केलेल्या तक्रारीस उत्तर

नमस्कार.

आमच्या बोटीवरच्या मासेमारीच्या सहलीला आपण ऑनलाइन दिलेले दोन तारे आणि त्याखालचा मजकूर काल रात्री वाचला. आपल्या कुटुंबासमोर मी आपल्यावर आवाज चढवला हे चुकलेच, आणि त्याबद्दल मी मनापासून क्षमा मागतो. मात्र ‘गळ बिघडलेला होता, आमिष शिळे होते आणि मालकाने झटका मारू दिला नाही म्हणून मोठा मासा गेला’ असे जे आपण लिहिले आहे, त्यावर गप्प बसणे मला शक्य नाही. इथे अलास्कातल्या होमरमध्ये आमचा हंगाम जेमतेम मे ते सप्टेंबर चालतो आणि असे एक वाक्य वाचून लोक दुसऱ्या बोटीकडे वळतात.

आपल्याला जो गळ वाकलेला वाटला, तो १६/० मापाचा सर्कल हुक होता आणि त्याचे टोक मुळातच आत, दांडीकडे वळलेले असते. हॅलिबट, म्हणजे तळाशी राहणारा मोठा चपटा मासा, आमिष तोंडात घेऊन वळला की दोरी ताणली जाते, गळ सरकत जबड्याच्या कोपऱ्यापाशी येतो आणि तिथे फिरून आपोआप रुततो. झटका मारला, तर तोच गळ आमिषासकट तोंडातून बाहेर निघतो. इथल्या व्यावसायिक हॅलिबट बोटींनीसुद्धा १९८० च्या दशकात जुने जे-आकाराचे गळ सोडून हेच गळ घेतले. म्हणूनच रॉड वाकून तसाच राहीपर्यंत थांबावे आणि मग नुसते रील फिरवत राहावे, असे मी धक्क्यावर एकदा आणि नांगर टाकल्यावर दोनदा सांगितले होते. तरीही आपण तीन वेळा झटका मारलात, आणि तिसऱ्या वेळी माझा तोल गेला. मी मूळचा मालवणचा. आजोबांबरोबर होडीतून गरवताना मासा लागताच हिसका द्यायला शिकलो, आणि ती सवय मोडायला इथे मला पहिला अख्खा हंगाम लागला. त्यामुळे आपला हात का गेला, हे मी जाणतो.

आमिषाचे हेरिंग (एक लहान मासा) शिळे नव्हते, खारवलेले होते. माझी पत्नी आदल्या रात्री ते जाड्या मिठात घालून ठेवते, कारण मिठाने मांस घट्ट होते. एरवी दीडदोनशे फूट खाली पोहोचेपर्यंत ते प्रवाहात विरून जाते. आम्ही गळ त्यातून दोनदा ओवतो, वर ऑक्टोपसची चिवट पट्टी लावतो, म्हणजे लहान माशांनी हेरिंग कुरतडले तरी गळ रिकामा राहत नाही, आणि टोक व दांडी यांच्यामधली फट मोकळी सोडतो. आपण मोठ्या माशाच्या आशेने माझ्या नकळत त्या फटीत आणखी दोन तुकडे खुपसले होते. फट अशी भरली की गळाला रुतायला जागाच उरत नाही. दोरी वर घेतल्यावर ते तुकडे मी आपल्याला दाखवले होते. त्याचा उल्लेख आपल्या मजकुरात नाही.

आपण धक्क्यावर पाऊण तास उशिरा आलात, हेही नाइलाजाने सांगतो. कूक इनलेट या इथल्या खाडीत भरती आणि ओहोटीच्या पाण्यात वीस फुटांहून अधिक फरक पडू शकतो, आणि पाणी थांबते ती थोडी वेळच आमच्या कामाची असते. ती गेल्यावर दीड किलो शिसे बांधूनही दोरी तळाशी ठरत नव्हती.

यापुढे निघण्यापूर्वी प्रत्येकाच्या हाती रिकामा गळ देऊन तो कसा बसतो हे दाखवण्याचा, आणि बोलताना अधिक संयम ठेवण्याचा आम्ही प्रयत्न करू.

आपल्या मुलाने त्याच डब्यातल्या गळावर आणि त्याच हेरिंगवर एक हॅलिबट वर आणला. त्याने झटका मारला नाही, फक्त दोन्ही हातांनी रील फिरवत राहिला. गळ जबड्याच्या कोपऱ्यात बसला होता आणि मी तो आपल्यासमोरच पक्कडीने काढला. शक्य झाल्यास तेवढे आपल्या मजकुरात जोडावे, ही विनंती.