मिडब्रेन झोपलेला नसतो

उन्हाळी सुट्टी जवळ आली की पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरू लागतो. माणूस मेंदूचा जेमतेम १० टक्के भाग वापरतो. डावा मेंदू तर्काचा आणि उजवा कलेचा असतो. या दोहोंना जोडणारा ‘मिडब्रेन’ बहुतेकांमध्ये निद्रिस्त असतो आणि दोन दिवसांच्या शिबिरात तो जागृत केला की मूल डोळ्यांवर पट्टी बांधून पुस्तक वाचू लागते, असा त्याचा आशय असतो. शास्त्रीय शब्दांमुळे सुशिक्षित पालकही त्यावर विश्वास ठेवतात आणि हजारो रुपये भरतात, म्हणून त्यातले प्रत्येक विधान तपासणे मला आवश्यक वाटते.

१० टक्क्यांचे विधान सर्वांत लवकर कोसळते. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते, पण विश्रांतीच्या वेळी शरीर जेवढी ऊर्जा खर्च करते तिच्यातील सुमारे २० टक्के एकटा मेंदू घेतो. नव्वद टक्के भाग खरोखर रिकामा असता, तर पक्षाघाताच्या बहुतेक झटक्यांनी रुग्णाचे काहीच बिघडले नसते.

डाव्या-उजव्या मेंदूच्या विधानात मात्र सत्याचा अंश आहे. १८६१ मध्ये पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरांकडे आलेल्या एका रुग्णाला ‘तान’ या एका अक्षरसमूहापलीकडे जवळजवळ काहीच उच्चारता येत नव्हते आणि मृत्यूनंतर त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूला, कपाळामागच्या खंडात इजा आढळली. पुढे १८७४ मध्ये कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टरांनी डाव्या बाजूच्याच, पण कानाजवळच्या खंडातील इजेचे वर्णन केले. अशा रुग्णाचे बोलणे ओघवते असते, परंतु त्याला अर्थ नसतो. बहुतेक माणसांमध्ये भाषेचा मुख्य भार डावा गोलार्ध, म्हणजे मेंदूचा डावा अर्धा भाग, उचलतो, इतके यातून सिद्ध होते. त्यावरून एखादे मूल ‘डाव्या मेंदूचे’ किंवा ‘उजव्या मेंदूचे’ ठरत नाही. २०१३ मध्ये युटा विद्यापीठातील संशोधकांनी हजाराहून अधिक व्यक्तींच्या मेंदूंची चित्रे तपासली, तेव्हा एकंदरीत कोणताही एकच गोलार्ध वरचढ असलेली माणसे त्यांना आढळली नाहीत.

शिवाय दोन गोलार्धांना जोडण्याचे मुख्य काम मिडब्रेन करतच नाही. ते कॉर्पस कॅलोसम हा सुमारे २० कोटी तंतूंचा जाड पट्टा करतो. मिडब्रेन त्याच्या खाली, मेंदूच्या देठाच्या वरच्या टोकाला असतो आणि त्याची लांबी साधारण २ सेंटिमीटर असते. डोळ्यांची हालचाल, प्रकाशात बाहुली आकुंचन पावणे, अचानक आवाज झाला की मान तिकडे वळणे, ही कामे तिथून चालतात. आपल्याला जागे ठेवणाऱ्या चेतापेशींच्या जाळ्याचा एक भागही तिथेच असतो. तिथल्या सबस्टॅन्शिया नायग्रा या काळसर पट्ट्यातील डोपामिन हे संदेशवाहक रसायन तयार करणाऱ्या पेशी नष्ट होत गेल्या की पार्किन्सनचा आजार होतो. बेशुद्ध रुग्णाच्या डोळ्यांत डॉक्टर बॅटरीचा झोत टाकतात, तेव्हा ते इतर गोष्टींबरोबर हाच भाग शाबूत आहे का, हे पाहत असतात. ज्याचा मिडब्रेन खरोखर बंद पडला आहे, असे मूल शिबिरात नव्हे, अतिदक्षता विभागात असेल.

राहिला पट्टीचा प्रश्न. वाचताना अक्षरांवरून आलेला प्रकाश दृष्टिपटलावर पडतो, तिथून संदेश दृष्टिचेतेने मेंदूच्या मध्यभागी असलेल्या थॅलॅमसकडे आणि पुढे डोक्याच्या मागच्या बाजूच्या दृष्टिखंडाकडे जातो. मिडब्रेनलाही दृश्य माहिती मिळते, पण तीसुद्धा त्याच दृष्टिपटलाकडून. त्यामुळे डोळ्यांत प्रकाशच शिरला नाही, तर मिडब्रेन कितीही ‘जागृत’ असो, त्याला वाचायला काही उरत नाही. प्रत्यक्षात पट्टी आणि नाकाचा उंचवटा यांच्यामध्ये फट राहते आणि मूल हनुवटी किंचित वर उचलून खाली पाहते. हनुवटीखाली आडवा पुठ्ठा धरा आणि पान त्याच्या खाली ठेवा, किंवा पान मुलाच्या डोक्यामागे धरा. वाचन तिथेच थांबते.

मला सर्वाधिक क्लेश होतो तो पैशांपेक्षा त्या मुलाचा विचार करताना. आपण फटीतून पाहत आहोत हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. समोर आई-बाबा टाळ्या वाजवत असतात, म्हणून ते गप्प राहते आणि घरी पाहुणे आले की पुन्हा पट्टी बांधून बसते.