बिल फाडायचं तर नीट नावावर फाडा

वीजबिल आलं की आमच्या घरात पहिला आरोपी टीव्ही. दुसरी मी, कारण संध्याकाळच्या दोन मालिका मी बघते. परवा पुन्हा तेच. बिल हातात नाचवत हे हॉलभर फिरतायत, "दिवसभर टीव्ही चालू ठेवा, मग स्लॅब बदलणारच!" दिवसभर? मी दिवसभर टीव्हीसमोर बसले तर या घरात चहासुद्धा मिळायचा नाही.

या वेळी डोकंच फिरलं माझं. भाच्याकडून तो प्लगमध्ये लावायचा छोटा मीटर मागवला आणि रीतसर मोजलं. आमचा ४३ इंची एलईडी ६२ वॉट खातो. रोजचे चार तास धरले तर दिवसाला पाव युनिट, महिन्याला साडेसात. साडेसात! एवढ्यासाठी दहा वर्षं बोलणी खातेय मी. आधीचा २१ इंची पिक्चर ट्यूबवाला यापेक्षा जास्त खायचा आणि त्यावर रात्री बारापर्यंत क्रिकेट कोण बघायचं? तेव्हा नाही आठवला स्लॅब.

आता गीझरकडे या. २००० वॉटचा. १५ लिटरची टाकी थंडीत एकदा तापवायला पाऊण युनिटच्या आसपास जातं, म्हणजे माझा टीव्ही अकरा-बारा तास. आणि हे काय करतात? साडेपाचला गीझर लावून फिरायला जातात. मग कट्टा, गप्पा, टपरीवरचा चहा, घरी यायला सात. तोवर पाणी जरा निवलं की गीझर आपोआप पुन्हा सुरू. त्याबद्दल चकार शब्द नाही. आंघोळ म्हणे गरज आहे. अहो, आहेच, पण पाण्यानं तुमची वाट बघत दीड तास तापत का बसावं?

पण खरी तळपायाची आग मस्तकात गेली ती सेट-टॉप बॉक्सचा आकडा बघून. चालू असताना ११ वॉट. रिमोटनं बंद केल्यावर? ९! बंद म्हणजे नुसता हिरव्याचा लाल दिवा होतो, आत सगळं सुरूच. टीव्ही रिमोटनं बंद केला तर अर्धा वॉटही घेत नाही आणि हा वीतभर डबा चोवीस तास चरतोय. महिन्याला पावणेसात युनिट, जवळपास टीव्हीइतकेच, तेही बहुतेक वेळ कुणी काही बघत नसताना. आणि त्याचा प्लग कुठे? शोकेसच्या मागे, जिथे कुणाचा हात पोचत नाही. ती शोकेस भिंतीला कुणी ठोकून घेतली, ते विचारू नका.

राहिला स्लॅब. १०० युनिटांच्या पुढे दर जवळपास दुप्पट होतो हे खरं, पण फक्त वरच्या युनिटांना. पहिल्या शंभरांना पहिलाच दर. आमचे झाले होते १३८. टीव्ही माळ्यावर टाकला असता तरी १३० झालेच असते. आणि स्थिर आकार तर घराला कुलूप असलं तरी भरायचाच.

हा सगळा हिशेब वहीत मांडून यांच्यापुढे ठेवला. चष्मा लावून नीट वाचला. मग म्हणाले, "ते ठीक आहे, पण आवाज तरी कमी ठेवत जा. तेवढीच वीज वाचेल."