आगीचा कागद भिंतीवर का नसतो?

कुठल्याही हॉटेलात गेलात की गल्ल्यामागची भिंत बघा. देवाच्या तसबिरीशेजारी फ्रेम करून टांगलेले कागद असतात. गुमास्ता, पालिकेच्या आरोग्य खात्याचा परवाना, अन्न सुरक्षेचा नंबर. आगीची तपासणी शेवटची कधी झाली, हे सांगणारा कागद मात्र मला आजवर एकाही भिंतीवर दिसलेला नाही.

कायदा नाही असं नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम 2006 सालचा आहे. त्यात जबाबदारी मालकाची किंवा जागा वापरणाऱ्याची. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून आपली यंत्रणा तपासून घ्यायची आणि ती चालू असल्याचा दाखला, म्हणजे फॉर्म बी, अग्निशमन दलाकडे द्यायचा. कागदावर झकास. फक्त एजन्सी निवडतो कोण आणि तिचं बिल भरतो कोण? ज्याची तपासणी व्हायची तोच. पेपर तपासणाऱ्या मास्तरला विद्यार्थ्यानेच पगार द्यावा, असला प्रकार.

आमच्या वहिनींचं छोटं पोळीभाजी केंद्र आहे. त्यांना एका एजन्सीवाल्याने फोनवरच सांगितलं, "ताई, मी यायची गरज नाही. आग विझवायच्या लाल सिलिंडरचे फोटो व्हॉट्सॲप करा, संध्याकाळपर्यंत बी देतो." वहिनी खमक्या. दुसरा माणूस शोधला, त्याने दीड तास घालवून गॅसची नळी बदलायला लावली, मागच्या दारात रचलेले तेलाचे डबे हलवायला लावले आणि पैसेही जास्त घेतले. आता गंमत बघा, पालिकेच्या फायलीत हे दोन्ही फॉर्म अगदी सारखेच दिसले असते. प्रामाणिक माणसाला जास्त खर्च, आणि त्याचा फायदा गिऱ्हाइकाला कळायची सोयच नाही.

परवान्याची तर आणखी वेगळी तऱ्हा. मुंबईत खाण्याच्या धंद्याचा परवाना मुंबई महानगरपालिका अधिनियम 1888 च्या कलम 394 खाली आरोग्य खातं देतं. वाढीव बांधकाम बघायचं ते इमारत व कारखाने खात्याने. आग बघायची अग्निशमन दलाने. तिघंही एकाच पालिकेचे नोकर, पण एकाने पाहिलेलं दुसऱ्याच्या फायलीत जाईलच असं नाही.

याचं सगळ्यात वाईट उदाहरण कुर्ल्याचं. 16 ऑक्टोबर 2015, सिटी किनारा हॉटेल. गॅसचा भडका उडाला आणि वर पोटमाळ्यावर जेवायला बसलेली माणसं तिथेच अडकली. 8 जण गेले, बहुतेक कॉलेजची मुलं. पोटमाळ्यावर गिऱ्हाइक बसवायची परवानगी नव्हती, अग्निशमन दलाचं ना हरकत प्रमाणपत्र नव्हतं. जून 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रत्येक कुटुंबाला 50 लाख रुपये द्यायला सांगितलं. हॉटेल मालकाला नव्हे, पालिकेला. कारण नियम मोडले जाताहेत हे पालिकेला आधीच माहीत होतं आणि तरीही परवाना रद्द झाला नाही. आईबापांना हे ऐकायला जवळजवळ दहा वर्षं लागली. आणि 4 कोटी म्हणजे कुणाचे? तुमच्या-माझ्या करातले. सही करणाऱ्याच्या खिशातले नाहीत.

डिसेंबर 2017 तर विसरताच येणार नाही. 18 तारखेला साकीनाक्याच्या खैरानी रोडवर फरसाणच्या गाळ्यात 12 कामगार गेले. अकरा दिवसांनी कमला मिलमधल्या पबची आग, 14 जण. मग काय झालं ते मुंबईकराला सांगायला नको. जेसीबी, तुटलेल्या शेड, चॅनेलवाल्यांची गर्दी. माझा राग या हातोड्यावर आहे. जी शेड 30 डिसेंबरला बेकायदा दिसते ती 28 तारखेलाही तिथेच होती ना?

अग्निशमन दलावर माझं तोंडसुख नाही, हेही सांगून ठेवतो. काळबादेवीच्या गोकुळ निवासची आग, मे 2015. त्यात प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह 4 अधिकारी आपण गमावले. शिपायांना पुढे ढकलून साहेब मागे राहिले नव्हते. कुणीतरी न बघता केलेल्या सहीची किंमत शेवटी हीच माणसं मोजतात.

म्हणून मागणी साधी आहे. आगीच्या शेवटच्या तपासणीची तारीख, एजन्सीचं नाव आणि आत जास्तीत जास्त किती माणसं बसवायची तो आकडा, एवढं ठळक मराठीत दारावर लावायची सक्ती करा. बी फॉर्म पालिकेच्या वेबसाइटवर टाका, म्हणजे एकच एजन्सी एका दिवशी किती ठिकाणी "जाऊन" आली तेही दिसेल. आणि त्यातले थोडे फॉर्म दरवर्षी चिठ्ठ्या टाकून काढा आणि दलाच्या माणसाने ते जागेवर जाऊन पडताळावेत.

याने लहान धंदेवाल्याचा छळ वाढेल, तक्रारीची धमकी देऊन पैसे उकळणारे वाढतील, असं माझा एक हॉटेलवाला मित्र म्हणतो. त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. पण ते लोक आज जगतात ते माहिती दडलेली आहे म्हणूनच. सगळ्यांना दिसणारी गोष्ट दाखवून कुणाकडून किती उकळणार?

7 मार्च 2022 ला नगरसेवकांची मुदत संपली. त्यानंतर प्रशासक, आणि जवळपास चार वर्षं स्थायी समिती नाही, प्रभाग समितीत जाब विचारणारं कुणी नाही. आता सभागृह आहे. मी आमच्या नगरसेविकेला लेखी प्रश्न देतोय: आपल्या प्रभागातल्या किती खाण्याच्या जागांचे जानेवारीचे फॉर्म आले, आणि न आलेल्यांचं काय केलं? मजकूर पहिल्या कमेंटमध्ये टाकतो, नाव बदलून वापरा. आणि हा कायदा आपल्या इमारतींनाही लागू आहे, तेव्हा सोसायटीच्या सेक्रेटरींनाही विचारून बघा. आमच्याकडे विचारलं तर ते म्हणाले, "असं काही असतं का?"