नव्या डेकला स्टेनचे तीन जाड हात? आधी लाकूड पितंय का ते बघा

नवा लाकडी डेक, म्हणजे घराबाहेरचा फळ्यांचा ओटा, बांधून झाला की हमखास पुढे पाठवला जाणारा एक सल्ला आहे: ‘वर्षभर डेक उघडाच ठेवा. मग ब्लीच टाकून प्रेशर वॉशरने जोरात धुवा, पॉलिश पेपरने एकदम गुळगुळीत करा आणि कडक उन्हात स्टेनचे तीन जाड हात मारा. पाच वर्षं बघायला नको.’

ऐकायला सगळं शहाणपणाचं वाटतं. पण यात स्टेनला, म्हणजे लाकडाला छटा आणि संरक्षण देणाऱ्या द्रवाला, रंगासारखं वागवलं आहे. रंग लाकडावर बसतो. डेकवर सहसा वापरतात तो तेलाचा अर्धपारदर्शक स्टेन लाकडात मुरतो. मुरला नाही तर तो वर नुसता चिकटून राहतो आणि पावलांखाली निघून जातो. सल्ल्यातला प्रत्येक मुद्दा या कसोटीवर घासून बघू.

‘वर्षभर उघडा ठेवा’

यात अर्धं सत्य आहे, म्हणूनच तो इतका पसरतो. प्रेशर ट्रीटेड पाइनच्या फळ्यांमध्ये तांब्याची संयुगं असलेलं पाणीदार द्रावण दाबाखाली भरलेलं असतं. नव्या फळ्या बऱ्याचदा ओल्याच हातात येतात. आतली जागा पाण्याने भरलेली असताना स्टेन शिरणार कुठे? म्हणजे थांबायला हवं, पण ते कॅलेंडर बघून नाही, लाकूड बघून.

मॉइश्चर मीटरच्या, म्हणजे लाकडातली ओल मोजणाऱ्या यंत्राच्या, सुया पाच-सहा फळ्यांमध्ये टोचा, त्यात सावलीतली एखादी फळी नक्की घ्या. आकडा 15 टक्के किंवा त्याखाली आला की लाकूड तयार. हवामानानुसार याला काही आठवडे लागतात, कधी काही महिने. ट्रीटमेंटनंतर भट्टीत वाळवलेल्या फळ्या असतील तर थांबायचं कारणच नाही. उलट त्या ठोकण्याआधीच खालच्या बाजूला आणि टोकांना स्टेन लावून घेता येतो, पुढे तिथे ब्रश पोचत नाही.

मीटर नसेल तर चमचाभर पाणी फळीवर टाका. दहाएक मिनिटांत मुरलं तर ठीक. थेंब तसेच उभे राहिले तर दोन शक्यता: लाकूड अजून ओलं आहे, किंवा पृष्ठभाग बंद आहे. रंध्याने दाबला गेलेला थर किंवा कारखान्यात दिलेलं मेण पाणी आत जाऊ देत नाही. यातलं नेमकं काय ते मीटरनेच कळतं. आकडा कमी आणि तरी थेंब उभे, तर वाट बघून फारसा उपयोग नाही, घासायला हवं.

आणि वर्षभर थांबल्याने काय होतं? लाकडाच्या तंतूंना धरून ठेवणारं लिग्निन उन्हातल्या अतिनील किरणांनी तुटत जातं, त्याची सुरुवात काही आठवड्यांतच होते. वरचा थर राखाडी आणि सैल होतो. त्यावर लावलेला स्टेन त्या सैल तंतूंना धरतो आणि त्यांच्यासोबतच निघतो. शिवाय दर पावसाला फुगून आणि दर उन्हाला आकसून फळ्यांना भेगा पडतात, काही पन्हाळीसारख्या वाकतात. ट्रीटमेंट लाकडाला कुजण्यापासून आणि किडीपासून वाचवते, उन्हापासून आणि पाण्याच्या या ये-जेपासून नाही.

‘ब्लीच टाकून प्रेशर वॉशरने धुवा’

घरातलं क्लोरीन ब्लीच बुरशीचा काळा रंग घालवतं, त्यामुळे डेक स्वच्छ दिसतो. पण मळ तिथेच राहतो, लिग्निनवर हल्ला होऊन लाकडाला लव सुटते आणि स्क्रूवरचा जस्ताचा थर खराब होतो. त्याऐवजी सोडियम परकार्बोनेटचं, म्हणजे ऑक्सिजन ब्लीचचं द्रावण घ्या. ओल्या फळीवर पसरवून 10 ते 15 मिनिटं ठेवा, मधे सुकू देऊ नका, नायलॉनच्या ब्रशने रेषांच्या दिशेने घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. तारेचा ब्रश नको. त्याचे लोखंडी कण लाकडात अडकून काळे डाग पडतात.

त्यानंतर ऑक्झॅलिक ॲसिडचा हात द्या. आधीच्या द्रावणाचा अल्कली अंश निवतो आणि लोखंडाचे डाग उतरतात. हे सगळं हातमोजे आणि चष्मा घालून करा, शेजारची झाडं आधी भिजवून ठेवा. दोन्ही द्रावणं एका बादलीत कधीच नकोत. क्लोरीन ब्लीच आणि ॲसिड एकत्र आलं तर विषारी वायू सुटतो.

प्रेशर वॉशर वापरायचाच असेल तर मऊ लाकडावर 500 ते 600 पीएसआय (पाण्याच्या दाबाचं एकक) पुरे. पंख्यासारखी रुंद धार, नोझल फळीपासून फूटभर लांब. याहून जोरात मारलं की मऊ भाग उडून जातो, कडक रेषा उभ्या राहतात आणि अनवाणी पायांना कुसळं लागतात. धुतल्यावर कोरड्या हवेत किमान दोन दिवस सुकू द्या आणि मीटर पुन्हा लावा.

‘एकदम गुळगुळीत करा’

फर्निचरला हे चालतं. डेकला 60 ते 80 नंबरचा पेपर मारून थांबायचं. 150-220 नंबरने लाकूड घोटलं जातं, छिद्रं बुजतात आणि स्टेन कमी मुरतो. कठड्याला हात लागतो म्हणून तिथे 100 पर्यंत गेलं तरी चालेल. घासण्याआधी स्क्रूची डोकी पृष्ठभागाखाली दाबून घ्या, नाहीतर त्यांचा गंजरोधक थर घासला जाईल. ट्रीटेड लाकडाची धूळ छातीत जाऊ नये म्हणून मास्क लावा.

‘भर उन्हात लावा’

तापलेल्या फळीवर स्टेन मुरण्याआधीच वाळतो आणि एकावर एक हात पडतो तिथे गडद पट्टे उमटतात. 10 ते 32 अंश सेल्सिअस तापमान आणि सावली बघा. एका वेळी दोन-तीन फळ्या घ्या, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत. मधे थांबायचं नाही.

‘तीन जाड हात’

सगळ्यात जास्त डेक इथे बिघडतात. लाकूड पिईल तेवढाच स्टेन द्यायचा असतो. ब्रश किंवा पॅडने लावा, रोलरने पसरवला तरी मागोमाग ब्रश फिरवून आत दाबा. 15-20 मिनिटांनी वर जे चमकत राहिलं असेल ते फडक्याने पुसून काढा, कितीही जिवावर आलं तरी. ते तसंच सोडलं की डेक आठवडाआठवडा चिकट राहतो, धूळ धरतो आणि नंतर पापुद्रे सुटतात. असं झालंच असेल तर मिनरल टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या फडक्याने जास्तीचा थर पुसून घ्यावा. त्यावर आणखी एक हात हा उपाय नव्हे.

हिशेब साधारण असा: घोटीव फळीवर लिटरमागे 5 चौरस मीटर, म्हणजे 20 चौरस मीटरच्या डेकला 4 लिटर. करवतीच्या खरबरीत लाकडाला जवळपास दुप्पट, तर इपेसारख्या घट्ट लाकडाला बरंच कमी. त्याला एक पातळ हातच पुष्कळ. दुसरा हात डब्यावर सांगितला असेल आणि लाकूड अजून ओढत असेल तरच. फळ्यांच्या कापलेल्या टोकांना मात्र सढळ हाताने पाजा, तिथून पाणी सर्वात वेगाने आत शिरतं. डबे एकापेक्षा जास्त असतील तर एका बादलीत एकत्र करा आणि काम चालू असताना ढवळत राहा, रंगद्रव्य तळाशी बसतं. पाण्याच्या ॲक्रिलिक स्टेनचं गणित वेगळं आहे, त्याला काही वेळा दोन हात लागतात. तेही पातळच.

‘पाच वर्षं बघायला नको’

पायाखालच्या फळ्यांवर अर्धपारदर्शक स्टेन साधारण दोन-तीन वर्षं टिकतो, कठड्यावर जास्त. अतिनील किरणं रंगद्रव्य अडवतं, म्हणून बिनरंगी सीलर मारलेला डेक वर्षभरात राखाडी पडू शकतो. अपारदर्शक स्टेन जास्त टिकतो खरा, पण त्याचा पापुद्रा बनतो आणि पायाखालच्या फळ्यांवर तो सोलवटला की सगळा खरवडावा लागतो. मुरणाऱ्या स्टेनचं तसं नाही. पाणी फळीवर थेंब धरेनासं झालं की धुवायचं, सुकवायचं आणि एक हात द्यायचा.

एक गोष्ट त्या सल्ल्यात नाहीच. तेलाचा स्टेन पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर तेल वाळताना निघणारी उष्णता आत कोंडते आणि ती आपोआप पेट घेऊ शकतात, विशेषतः स्टेनमध्ये जवसाचं तेल असेल तर. फडकी बाहेर एकेक करून पसरून कडक होईपर्यंत वाळवा, किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावा. हे काम संपल्यावर लगेच करायचं. हात धुण्याच्याही आधी.