ननची चित्रे म्हणजे निव्वळ विरंगुळा?

प्रबोधनकाळातील नन प्रार्थनेतून उरलेल्या वेळात विरंगुळा म्हणून चित्रे काढत, ती लहानसहान असत, मठाच्या भिंतीआडच राहत आणि त्यांमागे कोणतेही शिक्षण नसे, असा मजकूर सध्या पुष्कळ ठिकाणी फिरतो आहे. त्यातील एकच मुद्दा अंशतः खरा आहे. बाकीचे टिकत नाहीत.

आकाराचे पाहू. इटलीतील फ्लॉरेन्सच्या सांता कातेरिना मठातील, डॉमिनिकन या ख्रिस्ती पंथाची नन प्लॉतिला नेल्ली (1524–1588) हिने रंगवलेले ‘अखेरचे भोजन’ जवळपास सात मीटर रुंद असून ख्रिस्त आणि त्याचे शिष्य त्यात माणसाच्या प्रत्यक्ष आकाराचे आहेत. मेजावर भाजलेले कोकरू, पाव, वाइन आणि लेट्यूसची पाने आहेत. चित्रावर तिची सही असून ‘चित्रकर्तीसाठी प्रार्थना करा’ अशी विनंतीही आहे. मठाच्या भोजनगृहासाठी केलेले हे काम जीर्णोद्धारानंतर 2019 पासून फ्लॉरेन्समधल्याच सांता मारिया नोव्हेल्ला चर्चच्या संग्रहालयात पाहता येते. विरंगुळ्यासाठी कोणी एवढे कॅनव्हास ताणत नाही.

भिंतीआड राहण्याच्या मुद्द्याला तर तिच्या समकालीनानेच उत्तर दिले आहे. चित्रकार आणि चरित्रकार व्हासारीने 1568 च्या कलावंतांच्या चरित्रग्रंथात लिहिले की, फ्लॉरेन्समधील प्रतिष्ठितांच्या घरी तिची इतकी चित्रे आहेत की सगळी सांगू गेल्यास कंटाळा येईल. पिस्तोइया या जवळच्या शहरातील सांता लुचिया मठासाठीच्या मोठ्या चित्राचाही तो उल्लेख करतो.

शिक्षणाविषयीचा आक्षेप मात्र अर्धा खरा आहे, कारण पुरुष चित्रकारांप्रमाणे जिवंत माणूस समोर बसवून रेखाटनाचा सराव करण्याची संधी तिला नव्हती आणि ती मिळती तर तिने अद्भुत काम केले असते, असे व्हासारीच म्हणतो. (तिने काढलेले स्त्रियांचे चेहरे पुरुषांच्या चेहऱ्यांपेक्षा बरेच सरस आहेत, हेही त्याच्या नजरेतून सुटले नाही.) परंतु फ्रा बार्तोलोमेओ या आधीच्या पिढीतील साधू-चित्रकाराची बरीच रेखाटने तिच्याकडे आली होती, त्यांवरून ती शिकली आणि मठातील इतर ननही तिच्या हाताखाली काम करत.

‘हा एखादाच अपवाद’ म्हणणाऱ्यांनी शंभर वर्षे मागे जावे. बोलोन्यातील संत कातेरिना विग्री (1413–1463) हिने आपली प्रार्थनापोथी स्वतः लिहून चित्रांनी सजवली, तर मारिया ऑर्मानी या ननने 1453 च्या पोथीत चक्क स्वतःचेच चित्र काढून ठेवले.