कॉमेट पडलं ते खिडक्या चौकोनी होत्या म्हणून नव्हे

विमानांचा विषय निघाला की एक गोष्ट हमखास सांगितली जाते: ‘कॉमेट या पहिल्या प्रवासी जेट विमानाच्या खिडक्या चौकोनी होत्या. कोपऱ्यांवर ताण आला, विमानं हवेतच फुटली. इंजिनिअरांना इतकी साधी गोष्ट कळली नव्हती. मग खिडक्या गोल केल्या आणि प्रश्न मिटला.’ यात सत्याचा अंश आहे, म्हणूनच ती इतकी पसरते. पण एकेक वाक्य तपासलं तर फारसं काही हाती उरत नाही.

आधी आकार. कॉमेट 1 चा कोणताही स्पष्ट फोटो मोठा करून बघा. खिडक्या चौकोनी आहेत, पण कोपरे वळवलेले आहेत. टोकदार कोपऱ्यापाशी ताण साठतो हे कॉमेट बनवणाऱ्या द हॅविलंड कंपनीच्या लोकांना पक्कं ठाऊक होतं.

आता विमान नेमकं कुठून फाटलं ते पाहू. 10 जानेवारी 1954 ला ‘योक पीटर’ हे बीओएसी या ब्रिटिश विमानकंपनीचं कॉमेट रोमहून निघाल्यावर एल्बा बेटाजवळ कोसळलं आणि 35 जण गेले. समुद्रातून काढलेल्या अवशेषांत छताचा एक पत्रा मिळाला. त्यात रेडिओ दिशाशोधक यंत्राच्या अँटेनासाठी दोन झरोके कापलेले होते. तडा सुरू झाला तो त्यांतल्या मागच्या झरोक्याच्या कोपऱ्याजवळ, एका छिद्राच्या काठावर. पत्रा एक मिलिमीटरहूनही पातळ. त्यात बोल्टचं डोकं सपाट बसावं म्हणून छिद्राचं तोंड तिरकं कापलेलं, म्हणजे छिद्राची कड सुरीच्या धारेसारखी झालेली. प्रवासी ज्या खिडकीतून बाहेर बघत होते तिथून हे विमान फाटायला लागलंच नाही.

मग खिडकीचं नाव कसं आलं? इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या पाण्याच्या टाकीमुळे. तिथल्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंट या सरकारी विमान-संशोधन संस्थेचे प्रमुख आर्नल्ड हॉल यांच्या चमूने ‘योक अंकल’ हे आणखी एक कॉमेट भल्यामोठ्या टाकीत बुडवलं आणि आतल्या पाण्याचा दाब पुन्हा पुन्हा वाढवून उतरवला. हवेऐवजी पाणी अशासाठी, की हवा भरलेलं विमान फुटलं असतं तर बाँबसारखं उडालं असतं आणि पुराव्याच्या चिंध्या झाल्या असत्या. प्रत्यक्ष उड्डाणं 1221 आणि टाकीतली 1836, अशी 3057 आवर्तनं झाल्यावर पुढच्या आपत्कालीन खिडकीच्या कोपऱ्यापाशी पत्रा फाटला. त्या फाटलेल्या खिडकीचं छायाचित्र जगभर गेलं. छताचा तो पत्रा हाती आला तोवर टाकीतली चाचणी होऊन गेली होती, आणि लोकांच्या मनात खिडकी पक्की बसली होती. त्याच वर्षी 8 एप्रिलला नेपल्सजवळ पडलेल्या ‘योक योक’ या कॉमेटचे अवशेष तर खोल समुद्रातून निघालेच नाहीत. त्याची कोणती खिडकी फुटली हे छातीठोकपणे सांगणाऱ्यांकडे कसलाही पुरावा नाही.

इंजिनिअरांना कळलं नाही, हा आरोप मला सर्वांत जास्त खटकतो. द हॅविलंडने चाचण्या केल्या होत्या, भरपूर केल्या होत्या. घोटाळा झाला तो चाचणीच्या क्रमात. केबिनमधला नेहमीचा दाब दर चौरस इंचाला सव्वाआठ पौंड. पुढच्या भागाच्या नमुन्यावर ताकद अजमावण्यासाठी त्याच्या दुप्पट दाब आधी देऊन झाला होता. नंतर त्याच नमुन्यावर थकव्याची, म्हणजे पुन्हा पुन्हा दाब पडून धातूला तडा जातो का हे पाहणारी (फटीगची) चाचणी घेतली आणि त्याने 16,000 हून जास्त आवर्तनं सोसली. सगळे निश्चिंत झाले. पण त्या पहिल्या जबर दाबाने कोपऱ्यांजवळचा धातू किंचित ताणला जाऊन कायमचा वाकला होता. दाब उतरल्यावर तिथे उलटा, दाबणारा ताण शिल्लक राहिला, आणि तडा उघडायला त्यानेच अडथळा केला. नमुना नकळत मजबूत झाला होता. विकलेल्या विमानांना इतका दाब कधी दिलाच नव्हता. योक पीटर 1290 उड्डाणांनंतर फुटलं, योक योक सुमारे 900 नंतर.

दुसरी चूक गणिताची. कोपऱ्याजवळचा ताण धातूच्या अंतिम ताकदीच्या निम्म्याहून कमी राहील असा कंपनीचा हिशेब होता. फार्नबरोच्या मोजणीत तो सुमारे 70 टक्के निघाला. इतका ताण आणि एवढा पातळ पत्रा असेल तर कोपऱ्याची गोलाई थोडी वाढवून फार काळ निभावलं नसतं.

कॉमेटचे सगळे अपघात याच खात्यात टाकणंही चूक आहे. ऑक्टोबर 1952 मध्ये रोमला आणि मार्च 1953 मध्ये कराचीला जे घडलं ते उड्डाण घेताना, नाक जास्त उचलल्यामुळे. त्यावर उपाय म्हणून पंखाची पुढची कड बदलली गेली. 2 मे 1953 ला कलकत्त्याहून निघालेलं विमान वादळात सापडून तुटलं.

राहता राहिला ‘गोल केल्या आणि मिटलं’ हा मुद्दा. नंतरच्या कॉमेटमध्ये झरोके गोलाकार झाले हे खरं, पण पत्राही जाड झाला. डग्लस डीसी-8 च्या मोठ्या खिडक्या वळवलेल्या कोपऱ्यांच्या आयताकृतीच होत्या आणि ते विमान अनेक दशकं उडालं. उलट 28 एप्रिल 1988 ला हवाईमध्ये अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग 737 चं छत हवेत उडालं, तेव्हा खिडक्या गोलसरच होत्या. तिथे पत्र्यांच्या जोडावरच्या रिव्हेटच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या, छिद्रांत तडे वाढले होते. विमानाची जवळजवळ 90,000 उड्डाणं झाली होती.

कॉमेटनंतर खरा बदल झाला तो चाचणीघरात. ताकदीसाठी एक सांगाडा आणि थकव्यासाठी दुसरा, ज्याला आधी जादा दाब लागलेलाच नाही असा, ही पद्धत रुजली.